बालपुस्तकांचा रत्नपारखी

राजाचे सिंहासन शेकडो वर्षे टिकते. देवळाच्या भिंतीवर कोरलेला लेख हजार वर्षांनंतरही वाचता येतो. पण लहान मुलाच्या हाती दिलेले पुस्तक वर्षभर तरी टिकेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मूल ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते, उशाशी घेऊन झोपते, त्यातील चित्रे रंगविते, त्यासाठी भावंडांशी भांडते. आणि अखेरीस शिवण सुटून त्याची पाने वाऱ्यावर जातात. उरल्यासुरल्या पानांचा उपयोग चूल पेटविण्याकडे होतो. मुलांनी ज्या पुस्तकावर सर्वांत अधिक प्रेम केले, तेच सर्वांत आधी नाहीसे होते. म्हणूनच मोठ्या माणसांसाठी छापलेले दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे जाडजूड ग्रंथ अनेक ग्रंथालयांत आढळतात. पण त्याच काळी मुलांसाठी हजारोंनी छापलेली पुस्तके मात्र शोधूनही सापडत नाहीत.

अशा हरवलेल्या चिमुकल्या पुस्तकांचा शोध घेणारा, त्यांची वर्षे निश्चित करून त्यांची नोंद ठेवणारा आणि तो सारा ठेवा अखेरीस आपल्या गावाच्या स्वाधीन करणारा एक ग्रंथप्रेमी अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव डॉक्टर अब्राहम सायमन वुल्फ रोझेनबाक.

रोझेनबाक यांचा जन्म २२ जुलै १८७६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. हे शहर मुद्रणकलेचे मोठे केंद्र म्हणून प्रसिद्ध होते. थोर मुद्रक व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपला छापखाना याच शहरात चालविला होता. रोझेनबाक यांच्या आईचे भाऊ मोझेस पोलॉक यांचे या शहरातील कॉमर्स स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचे दुकान होते. आठ-नऊ वर्षांचा झाल्यापासूनच लहानग्या रोझेनबाकला या दुकानाची ओढ लागली. इतर मुले मैदानाकडे धावत, तेव्हा हा मुलगा मामांच्या दुकानाची वाट धरी.

ते दुकान मोठे विलक्षण होते. पुस्तकांचे ढीग, त्यांवर साचलेली धूळ, जुन्या कातडी बांधणीचा वास आणि त्या साऱ्यांच्या मध्ये बसलेले वृद्ध मोझेस मामा. मामा पुस्तके विकण्याचा व्यवसाय करीत, पण पुस्तक विकले गेले की त्यांना आनंद होण्याऐवजी दुःखच होई. एखादे गिऱ्हाईक त्यांच्या आवडीच्या पुस्तकाकडे बोट दाखवू लागले, की त्यांची मुद्रा बदले. मुलीला सासरी पाठविताना बापाच्या मनाची जी अवस्था होते, तीच आवडते पुस्तक हातावेगळे करताना मामांची होई. दुकानात अनेक विद्वान व धनिक ग्रंथप्रेमी येत आणि पुस्तकांविषयी तासन् तास बोलत बसत. कोणत्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कोणती, तिच्या किती प्रती शिल्लक आहेत, अमुक कागद कोणत्या काळचा, या गोष्टी एका कोपऱ्यात बसलेल्या भाच्याच्या कानांवर पडत. शाळेत न मिळणारे हे शिक्षण त्याला असे अनायासे मिळत गेले.

या शिक्षणाची पहिली परीक्षा लवकरच झाली. रोझेनबाक अकरा वर्षांचा होता. शहरातील हेंकेल्स नावाच्या प्रसिद्ध लिलावदाराकडे जुन्या पुस्तकांचा लिलाव होता, तेथे तो गेला. रेनार्ड नावाच्या धूर्त कोल्ह्याच्या कथेची एक सुंदर सचित्र प्रत लिलावात निघाली. पंचतंत्रातील कोल्ह्याप्रमाणेच हा कोल्हा युरोपातील मुलांच्या ओळखीचा आहे. पुस्तक पाहताच मुलाचे भान हरपले. बोली चढत गेली आणि मोठ्या माणसांच्या त्या गर्दीत तोही बोली वाढवीत गेला. अखेर चोवीस डॉलरांवर हातोडा पडला आणि पुस्तक त्याचे झाले.

पुस्तक त्याचे झाले खरे. पण चोवीस डॉलर आणावयाचे कोठून? त्याच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. लिलावात बोली देणे म्हणजे वचन देणे होय. लपूनछपून पळून जाणे त्याला सहज शक्य होते. परंतु तो तसा पळाला नाही. लिलाव संपल्यावर भीत भीत तो लिलावदारापुढे उभा राहिला आणि आपली खरी स्थिती त्याने सांगून टाकली. शाळेसाठी घरून मिळणाऱ्या पैशांतून दर आठवड्यास थोडी थोडी रक्कम देऊन कर्ज फेडण्याची तयारी त्याने दाखविली. हा मुलगा मोझेस पोलॉक यांचा भाचा आहे, हे कळताच लिलावदाराचा राग निवळला. ग्रंथांचे वेड लागलेली माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती. पण इतक्या कोवळ्या वयात ते लागलेले पाहून त्याला हसू आले आणि कौतुकही वाटले. त्याने मुलाचे म्हणणे मान्य केले. रोझेनबाकच्या संग्रहातील ही पहिली मोलाची खरेदी होय. या व्यवहारात त्याला दोन धडे मिळाले. आवडत्या पुस्तकासाठी झीज सोसावी लागते, हा पहिला. आणि ग्रंथांच्या व्यापारात माणसाचा शब्द हेच खरे भांडवल असते, हा दुसरा.

पुढे त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यार्थिदशेतही लिलावांना जाण्याचा त्याचा क्रम चालूच होता. एकदा विक्रीपूर्वी पुस्तके चाळत असता, अनेक जुन्या पत्रिका एकत्र बांधलेल्या एका खंडात त्याला एक पातळशी पुस्तिका दिसली. लंडनमधील ड्रुरी लेन हे नाट्यगृह १७४७ साली नव्या व्यवस्थेखाली उघडले, त्या प्रसंगी म्हणावयाची नांदी सुप्रसिद्ध पंडित डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी रचिली होती. या नांदीची मूळ छापील प्रत लुप्त झाली, असाच अभ्यासकांचा समज होता. तीच प्रत त्या खंडात इतर किरकोळ पत्रिकांच्या मध्ये दडून बसली होती. कोणाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. रोझेनबाकने ती ओळखली आणि अवघ्या ३ डॉलर ६० सेंटना तो खंड विकत घेतला. पुढे त्या पुस्तिकेसाठी फार मोठ्या रकमेची मागणी आली. शिक्षण चालू असल्यामुळे पैशाची त्याला गरज होती, तरीही त्याने ती दिली नाही. मोझेस मामांचा स्वभाव भाच्यात पुरेपूर उतरला होता.

१९०१ साली रोझेनबाक यांनी इंग्रजी साहित्याचा सखोल अभ्यास करून डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांनी प्राध्यापक व्हावे, असे कोणालाही वाटले असते. पण ग्रंथांचे आकर्षण अधिक बलवत्तर ठरले. १९०३ साली त्यांनी आपले वडील बंधू फिलिप यांच्या भागीदारीत रोझेनबाक कंपनी स्थापन केली. फिलिप जुन्या कलावस्तू व शोभेचे सामान पाहत आणि डॉक्टर ग्रंथ व हस्तलिखिते पाहत. त्याच वर्षी मोझेस मामांचे निधन झाले. मामांची जागा जणू भाच्याने घेतली.

थोड्याच वर्षांत लंडन आणि न्यूयॉर्क येथील लिलावगृहांत डॉक्टर रोझेनबाक यांचे नाव दुमदुमू लागले. ते दालनात आले, की इतर खरेदीदारांची छाती धडधडू लागे. १९२६ साली त्यांनी गुटेनबर्गने छापलेल्या बायबलची एक प्रत १,०६,००० डॉलरना घेतली. अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींत १६४० साली छापलेल्या स्तोत्रग्रंथाची प्रत त्यांनी १९४७ साली १,५१,००० डॉलरना खरेदी केली. हंटिंग्टन, फोल्जर, मॉर्गन अशा धनाढ्य संग्राहकांना त्यांनी अपूर्व ग्रंथ मिळवून दिले. या संग्राहकांच्या नावाने पुढे अमेरिकेत मोठमोठी ग्रंथालये उभी राहिली.

हा सारा व्यापार होता. डॉक्टर रोझेनबाक व्यापारी होते आणि त्यांनी भरपूर नफा मिळविला, हे त्यांनी कधी लपविले नाही. परंतु त्यांच्या घरातील काही कपाटे अशी होती, की त्यांतील वस्तू विक्रीसाठी नव्हत्या. त्या कपाटांत मुलांची जुनी पुस्तके होती. या संग्रहाचा आरंभ मोझेस मामांनी केला होता. मामांकडून तो भाच्याच्या हाती आला आणि भाच्याने पुढे तीस-चाळीस वर्षे त्यात भर घातली.

त्या काळी मुलांच्या जुन्या पुस्तकांना विद्वानांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. तळहातावर मावतील एवढी ती पुस्तके. कोठे कोपरे कुरतडलेले, कोठे पाने डागाळलेली, कोठे कोणी बालचित्रकाराने चित्रातील माणसास मिशा काढलेल्या. अशा पुस्तकांत काय पाहावयाचे, असे अनेकांना वाटे. रोझेनबाक यांची दृष्टी निराळी होती. एखाद्या समाजाला आपली मुले कशी व्हावीत असे वाटत होते, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्या समाजाने मुलांच्या हाती कोणती पुस्तके दिली ते पाहावे, असे त्यांचे मत होते. त्यामुळे ही फाटकी पुस्तके त्यांना इतिहासाच्या साधनांइतकी मोलाची वाटत.

त्यांच्या कपाटांतील पुस्तके क्रमाने पाहिली, की अमेरिकेतील बालपणाचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्वांत जुनी पुस्तके सतराव्या शतकाच्या अखेरीची आहेत. त्या काळी मुलांनी हसावे-खेळावे, यापेक्षा त्यांनी ईश्वराचे भय बाळगावे, याकडे वडील माणसांचे लक्ष अधिक होते. म्हणून त्या पुस्तकांत धर्माची प्रश्नोत्तरे असत, किंवा अल्पवयात भक्तिभावाने मरण पावलेल्या मुलांची चरित्रे असत. पुढे १७४४ साली लंडनमध्ये जॉन न्यूबेरी नावाच्या प्रकाशकाने मुलांच्या करमणुकीसाठी चित्रे, गाणी आणि खेळ असलेली सुबक पुस्तके काढण्यास आरंभ केला. अमेरिकेत वूस्टर गावच्या आयझाया टॉमस या मुद्रकाने १७८० नंतरच्या काळात ती पुस्तके पुन्हा छापून तेथील मुलांच्या हाती दिली. मग पुस्तकांवर रंगीबेरंगी फुलांच्या नक्षीचे कागद चढले, आत प्राणी आणि पक्षी आले, आणि मुलांच्या ओठांवर हसू आले. उपदेश संपला नाही; पण त्याला गोडी आली.

ही पुस्तके किती मोठ्या संख्येने नाहीशी झाली, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ या नावाचे एक बालबोध पुस्तक अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ घरोघर वापरात होते. ते प्रथम सतराव्या शतकाच्या अखेरीस निघाले. पण त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ सालची आहे. त्यापूर्वीच्या साऱ्या प्रती मुलांनी वाचून वाचून संपविल्या. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांचे भागीदार हॉल यांनी १७४९ ते १७६६ या काळात या पुस्तकाच्या ३७,१०० प्रती काढल्याची नोंद त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत सापडते. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याही प्रती आज उरलेल्या नाहीत.

परंतु पुस्तक सापडले म्हणजे संग्राहकाचे काम संपले, असे नाही. ते केव्हा छापले, हा खरा प्रश्न असतो. पुष्कळदा पुस्तकाचे पहिले पान, ज्यावर गाव, मुद्रकाचे नाव आणि वर्ष छापलेले असते, तेच नेमके फाटलेले असते. कित्येक मुद्रक तर वर्ष छापीतच नसत. कारण जुने वर्ष दिसले, तर पुस्तक शिळे वाटेल आणि कोणी घेणार नाही, अशी त्यांना धास्ती वाटे. अशा वेळी जाणकाराला पुस्तकाच्या अंगावरील खुणा वाचाव्या लागतात. वैद्य जसा नाडीवरून रोग ओळखतो, तसा तो कागदावरून आणि अक्षरांवरून काळ ओळखतो.

प्रथम तो कागदाचे पान उजेडात धरतो. जुना कागद तारांच्या जाळीवर हाताने तयार करीत असत. त्यात त्या तारांच्या समांतर रेघा दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशा रेघा नसलेला गुळगुळीत कागद प्रचारात येऊ लागला. नंतर तो अक्षरांकडे वळतो. इंग्रजीतील ‘स’ या ध्वनीचे अक्षर पूर्वी शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब उभ्या काठीसारखे छापीत. १८०० सालच्या आसपास ही पद्धत झपाट्याने मागे पडली. मग तो चित्रे पाहतो. ही चित्रे लाकडाच्या ठशांवरून छापीत. एकच ठसा वीस-वीस, तीस-तीस वर्षे वापरीत. त्यामुळे त्याला चीर पडे, कडा झिजे, किंवा किडा छिद्रे पाडी. एका प्रतीत चीर लहान असेल आणि दुसरीत मोठी असेल, तर पहिली प्रत आधीची व दुसरी नंतरची, हे उघड होते. मुद्रकाच्या दुकानाचा पत्ता छापलेला असला, तर शहरातील व्यापाऱ्यांच्या जुन्या यादीत तो मुद्रक त्या जागी कोणत्या वर्षी होता, हे शोधता येते. फिलाडेल्फिया शहराच्या अशा याद्या १७८५ पासून मिळतात.

मजकूरही पुष्कळ काही सांगून जातो. प्रायमरच्या काही प्रतींच्या आरंभी इंग्लंडच्या जॉर्ज राजाचे चित्र आहे, तर काहींच्या आरंभी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे. पहिली प्रत इंग्रजी अमलाखाली आणि दुसरी स्वातंत्र्ययुद्धानंतर छापली गेली, हे चाणाक्ष वाचकाला सांगावे लागत नाही. याखेरीज आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे पुस्तकाचा बालमालक. कोऱ्या पानावर वळणदार वा वेड्यावाकड्या अक्षरांत आपले नाव आणि तारीख लिहून हे पुस्तक माझे आहे, असे बजावण्याची आवड सर्व देशांतील मुलांना असते. पण या साक्षीदाराची साक्ष जपून घ्यावी लागते. त्या तारखेनंतर पुस्तक छापले गेले नाही, एवढेच तीवरून सिद्ध होते. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीकडे दहा वर्षांनी येऊ शकते, आणि ती त्यावर आपल्या वेळची तारीख घालू शकते.

वर्ष ठरविताना मोहाचाही एक क्षण येतो. पुस्तक जितके जुने, तितकी त्याची किंमत अधिक. विक्रेत्याने दहा-वीस वर्षे मागे ढकलली, तर त्याचा लाभ होतो. म्हणून या कामात विद्वत्तेइतकीच सचोटीची गरज असते. खात्री असेल तेथे वर्ष लिहावे, अंदाज असेल तेथे तो अंदाज आहे असे लिहावे, हा या विद्येचा पहिला नियम होय.

छापलेले वर्षही कधी कधी फसविते. ‘अ‍ॅलिस’ या जगप्रसिद्ध बालकथेचे उदाहरण असेच आहे. ती १८६५ साली प्रथम छापून तयार झाली. पण चित्रकार टेनियल यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही, म्हणून लेखकाने ती सारी आवृत्ती परत घेतली. नवी छपाई त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रीस आली, पण तिच्यावर वर्ष छापले होते १८६६. परत घेतलेल्या आवृत्तीच्या जेमतेम दोन डझन प्रती आज माहीत आहेत. याच ‘अ‍ॅलिस’चा डॉक्टर रोझेनबाक यांच्या आयुष्याशी फार निकटचा संबंध आला.

ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन हे लुईस कॅरल या नावाने लेखन करीत. ४ जुलै १८६२ रोजी नदीत नौकाविहार करीत असता त्यांनी अ‍ॅलिस लिडेल नावाच्या दहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या बहिणींना एक गोष्ट सांगितली. ती लिहून द्यावी, असा हट्ट अ‍ॅलिसने धरला. डॉजसन यांनी ती सुवाच्य अक्षरांत स्वतः लिहिली, तीत ३७ चित्रे स्वतः काढली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ते हस्तलिखित अ‍ॅलिसला भेट दिले. अ‍ॅलिसने ते साठांहून अधिक वर्षे जपले. परंतु महायुद्धात तिचे दोन पुत्र कामी आले, पुढे पतीही निवर्तले, आणि घर चालविण्यासाठी पैशाची निकड भासू लागली. पंचाहत्तरीला आलेल्या त्या वृद्धेने आपल्या बालपणीची भेट विकावयास काढली.

३ एप्रिल १९२८ रोजी लंडनमध्ये लिलाव झाला. दालनात चिक्कार गर्दी होती. हे हस्तलिखित इंग्लंडमध्येच राहावे, असे इंग्रज जनतेला मनापासून वाटत होते. परंतु डॉक्टर रोझेनबाक यांच्या बोलीपुढे कोणाचाही टिकाव लागला नाही. १५,४०० पौंडांना त्यांनी ते घेतले. इंग्लंडमध्ये अनेकांना हळहळ वाटली. ती रोझेनबाक यांच्याही कानांवर गेली असावी. कारण आपण दिलेल्या किमतीतच हस्तलिखित इंग्लंडला देण्याची तयारी त्यांनी दाखविली. पण तेवढी रक्कम उभी राहिली नाही, आणि ते पुस्तक समुद्र ओलांडून अमेरिकेस गेले. फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ते काही काळ लोकांना पाहावयास ठेवले होते. नंतर एल्ड्रिज जॉन्सन या धनाढ्य गृहस्थांनी ते, छापील ‘अ‍ॅलिस’च्या दोन प्रतींसह, १,५०,००० डॉलरना विकत घेतले. या व्यवहारात रोझेनबाक यांना मोठा नफा झाला.

१९३२ साली लुईस कॅरल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ऐंशी वर्षांच्या अ‍ॅलिसबाई अमेरिकेस गेल्या. न्यूयॉर्कमधील समारंभात ते हस्तलिखित त्यांना पुन्हा पाहावयास मिळाले. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले.

पुढे १९४५ साली जॉन्सनही वारले आणि १९४६ साली हस्तलिखित पुन्हा लिलावात निघाले. डॉक्टर रोझेनबाक तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी ५०,००० डॉलरना ते पुन्हा मिळविले. परंतु या वेळी ते कोणा धनिकाला विकण्यासाठी नव्हे, तर जेथून आले तेथे परत पाठविण्यासाठी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख लूथर इव्हान्स यांच्या पुढाकाराने ग्रंथप्रेमी अमेरिकनांनी ही रक्कम जमविली. १९४८ साली इव्हान्स स्वतः हस्तलिखित घेऊन लंडनला गेले आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने एकाकी झुंज देऊन जे धैर्य दाखविले, त्याबद्दलची कृतज्ञता म्हणून त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला अर्पण केले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्या हाताने ते इंग्लंडपासून दूर नेले होते, त्याच हाताने ते परत पाठविण्यास साहाय्य केले.

तत्पूर्वी १९३३ साली रोझेनबाक यांनी आपल्या बालपुस्तकांची मोठी सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. तीत १६८२ पासून १८३६ पर्यंतच्या ८१६ पुस्तकांचे तपशीलवार वर्णन आहे. पुस्तकाचा आकार, पाने, चित्रे, मुद्रक, गाव, वर्ष, सारे काही त्यात कालक्रमाने नोंदविलेले आहे. ज्या पुस्तकांना पूर्वी कोणी विचारीत नव्हते, त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना या सूचीने वाट दाखविली. आपल्या हातातील फाटके पुस्तक कोणते आणि केव्हाचे, हे ताडून पाहण्यासाठी संग्राहक व ग्रंथपाल तिचा आधार घेऊ लागले.

हा संग्रह विकला असता, तर त्याला उत्तम किंमत आली असती. जगातील धनिकांशी रोझेनबाक यांचा परिचय होता. परंतु १९४७ साली त्यांनी तो सबंध संग्रह फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयास देऊन टाकला. ज्या शहराच्या गल्लीत मामांच्या दुकानी त्यांना ग्रंथांची गोडी लागली, त्याच शहराला त्यांनी मामांचा आणि आपला ठेवा अर्पण केला. एका अर्थी ती पुस्तके पुन्हा मुलांकडेच गेली. कारण सार्वजनिक ग्रंथालयाचे दार श्रीमंत-गरीब, लहान-थोर अशा सर्वांसाठी उघडे असते.

१ जुलै १९५२ रोजी डॉक्टर रोझेनबाक यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी त्यांचे बंधू फिलिपही गेले. दोघा भावांचे राहते घर आणि त्यातील ग्रंथ यांचे १९५४ साली संग्रहालय झाले. २०१३ साली ते संग्रहालय फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी संलग्न झाले. डॉक्टरांनी दान केलेली बालपुस्तके आणि त्यांच्या घरातील ग्रंथ अशा रीतीने पुन्हा एका छत्राखाली आले.

मोठमोठे ग्रंथ मिळविणारा विक्रेता म्हणून त्यांची कीर्ती झाली. पण त्यांनी जे विकले नाही, त्यातच त्यांच्या मनाचा खरा मोठेपणा दिसतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची कोणी मुलगी आपले नाव पुस्तकाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवते. तिचे घर, तिची शाळा, तिचे गाव, कशाचाही मागमूस उरत नाही. पण ते चिमुकले पुस्तक जपले गेले, म्हणून तिचे नाव उरते. घरातील माळ्यावर एखादे जुने, पाने सुटलेले पुस्तक सापडले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी क्षणभर उघडून पाहावे. त्यावर कोणाचे नाव आहे, कोणते वर्ष आहे, ते वाचावे. कदाचित आजीच्या बालपणाची एकमेव साक्ष त्याच पानावर असेल.